दोन क्रेडिटची नवमी

राणीसावरगावात जन्मलेल्या आणि दहावीपर्यंत तिथंच शिकलेल्या पोरीला गाव म्हणजे काय असतं हे शिकायला कॉलेजनं राणीसावरगावातच पाठवायचं ठरवलं. तिच्या बापानं, चंद्रभाननं, हे ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, पोरगी थट्टा करायलीय. पण आई गेल्यापासून राजेश्रीला थट्टा सुचत नव्हती.

राजेश्री बी.एस्सी.ची पहिली दोन वर्षं संभाजीनगरला मामाकडं राहून शिकली. दुसरं वर्ष सुरू झालं आणि श्रावणात तिची आई, कुसुम, गेली. कावीळ म्हणता म्हणता यकृतावर गेलं आणि संपलं. ते वर्ष पोरीनं येऊनजाऊन कसंबसं पुरं केलं. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिनं बघितलं, बाप सकाळी केलेली खिचडी संध्याकाळी तशीच गार खातो आणि ताट धुवायला नको म्हणून पातेल्यातच खातो.  जूनमध्ये तिनं त्याला न विचारता तिकडचा दाखला काढून आणला आणि गंगाखेडच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला नाव घातलं. चंद्रभान लय ओरडला. ती म्हणाली, "ओरडून झालं की सांगा, मी भाकरी टाकते."

नाव घालताना खिडकीवरच्या क्लार्कनं अडवलं.

नव्या धोरणात म्हणे पोरानं नुसता आपला विषय शिकून चालत नाही, सगळ्यातलं थोडं थोडं यावं लागतं. चंद्रभानला यात वावगं काही दिसलं नव्हतं. सगळ्यातलं थोडं कुणाला यावं लागत नाही? राजेश्री रसायनशास्त्राची, पण संभाजीनगरला तिला पर्यटन शिकवलं, संविधान शिकवलं, योगासनं करायला लावली. शिकली पोरगी. अडचण एवढीच, की थोडं थोडं म्हणजे किती आणि कधी हे प्रत्येक विद्यापीठानं आपापल्या मापानं ठरवलं होतं, आणि एकाचं माप दुसऱ्याच्या दारात चालत नव्हतं.

"तिकडं क्षेत्रकार्य तिसऱ्या वर्षाला असतं," क्लार्क म्हणाला. "इकडं दुसऱ्याला."

"मंग?" चंद्रभाननं विचारलं.

"मग तिकडं हिचं दुसरं झालं, त्यात क्षेत्रकार्य नव्हतं. इकडं तिसऱ्याला आली, तर इथंही नाही. म्हणजे हिचं ते झालंच नाही."

"तिनं चुकवलं व्हय?"

"नाही नाही, चुकवलं नाही."

"मंग गेलं कुठं?"

"कुठं जाणार काका? बदलून आलेल्या पोरांचं असंच होतं. मधेच पडतं."

"मधी पडायला ते काय एसटीतलं गाठोडं हाय?"

क्लार्क हसला. माणूस वाईट नव्हता. त्यानंच सांगितलं, की दुसऱ्या वर्षाच्या पोरांसोबत पोरीनं तेवढा एक विषय करून टाकावा. 'ग्रामीण जीवन : परिचय व सहभाग' असं त्याचं नाव. क्रेडिट दोन. सात दिवस एका खेड्यात राहायचं, एकही दिवस गैरहजर राहायचं नाही. हे पावसाळ्याच्या सत्रात एकदाच असतं. हुकलं तर वर्षानं. आणि हे दोन क्रेडिट नसले तर बाकी सगळ्यात पहिली आली तरी उन्हाळ्यात पदवी नाही. राजेश्रीला पदवी झाली की लगेच नांदेडला एम.एस्सी. करायची होती. म्हणजे तेही वर्षानं.

"करते," राजेश्री म्हणाली. "त्यात काय."

हा विषय शिकवायला हरिओम सर होते. त्यांचा मूळ विषय इलेक्ट्रॉनिक्स. त्याला चार वर्षांत पोरंच येईनाशी झाली. पण सर कायम नोकरीत, त्यांना घरी कसं बसवणार? मग त्यांच्या तासांचा कोटा भरायला त्यांना गाव दिलं. सर राहायला परभणीत. सकाळच्या गाडीनं गंगाखेडला यायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. गाव म्हणून त्यांनी जे काही बघितलं होतं ते रेल्वेच्या खिडकीतून, तेही डुलकी लागली नसेल तर. असा माणूस गाव शिकवणार होता.

सरपंचानं शाळेची खोली फुकट दिली म्हणून शिबिराला राणीसावरगाव ठरलं. राजेश्रीनं सरांना सांगितलं, "सर, ते माझंच गाव आहे."

"अरे वा! मग तुला सोपं जाईल."

"मग मी घरी राहिले तर चालेल? घर शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे."

"छे छे," सर म्हणाले. "घरी राहिलीस तर तो सहभाग होत नाही. गावात राहायचं, घरी नाही."

तिनं हे येऊन सांगितलं तेव्हा चंद्रभान मुगाच्या शेंगा वाळत घालत होता. त्यानं हातातल्या शेंगा पसरून टाकल्या. मग म्हणाला, "बरं हाय, तुह्या सराला पोहायचं शिकवायला ठेवलं न्हाई. घागरीत बसवून शिकवला असता."

शिबिर सुरू झालं. पोरं गावभर फिरायला लागली. कुणी गल्लीची रुंदी मोजायलाय, कुणी हातपंपाचा फोटो काढायलाय. दोन पोरं चंद्रभानच्या ओट्यावर येऊन बसली आणि त्यातल्या एकानं विचारलं, "काका, तुमच्या गावात करमणुकीची साधनं कोणती?"

"सध्या तुमीच," चंद्रभान म्हणाला.

पोरानं ते लिहूनही घेतलं.

शाळेच्या भिंतीपलीकडं आपली पोरगी चटईवर झोपती आणि आपण इथं एकटे, याचं त्याला हसूही येत होतं आणि रागही. पण ते त्यानं सोसलं असतं. शिबिराच्या मधोमध नवमी येत होती, खरी अडचण ती होती.

पितृपंधरवड्यातली ही नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पित्तर त्या दिवशी घालतात. ब्राह्मणाचं काम नसतं. एक सवाष्ण बोलवायची, तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची आणि पोटभर जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. वर्ष सरल्याशिवाय गेलेल्याला पितरांत घेत नाहीत, म्हणून कुसुमची ही पहिलीच नवमी. आणि यात पुरुषाच्या हातात काही नसतं. विस्तवावर तूप-घास टाकला, कावळ्याचं पान ठेवलं की त्याचं काम संपलं. कुंकू लावायला, ओटी भरायला घरचं बाईमाणूस लागतं. चंद्रभानच्या घरात बाईमाणूस म्हणजे राजेश्री. दुसरं कुणी नव्हतं.

तो शाळेत गेला. सर कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"सर, नवमीला पोरीला सकाळधरून दुपारपर्यंत सोडा. तिच्या आईचं पित्तर हाय."

सरांनी चेहरा पाडला. "काका, मला वाईट वाटतं हो. पण नियम माझ्या हातात नाही. अर्धा दिवस जरी गेला तरी हजेरी अपुरी पडते. बदलून आलेल्या मुलांवर तर विद्यापीठाचं बारीक लक्ष असतं."

"बारीक लक्ष हाय तर त्यांला दिसंल की, पोरीची आई मेली म्हणून."

 मग सरांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि ते खुर्चीत पुढं सरकले. "थांबा. नेमकं करतात काय त्या दिवशी?"

चंद्रभाननं सांगितलं.

"हे तर उत्तम आहे! काका, आम्हाला 'पारंपरिक ज्ञान' असा एक घटकच आहे. आम्ही सगळेच तुमच्याकडं येतो. मुलं निरीक्षण करतील, दोन फोटो होतील. तो आमचा त्या दिवसाचा उपक्रम. म्हणजे राजेश्री घरीही आली आणि हजरही राहिली. काय?"

चंद्रभानला तोंडात माती गेल्यासारखं झालं. कुसुमला उभ्या आयुष्यात कुणी चार माणसांत बोलावलं नव्हतं, आणि आता तिच्या जेवणाला बघे येणार. पण पोरीचं वर्ष त्याच्यापुढं उभं होतं. तो म्हणाला, "या. पण जेवून जायचं. पित्तराच्या दारातून कुणी उपाशी जात नसतेत."

"हो हो, बघू ना," सर म्हणाले.

सवाष्ण म्हणून कमलबाईला बोलावलं होतं. ती शेजारची, कुसुमच्या बरोबरीची, दोघींनी एका वाफ्यात भाजी लावलेली. तिला हे कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावजी, तिचं पित्तर हाय का सर्कस?"

"वैनी, पोरीच्या हजेरीचं हाय."

"मंजी मी जेवायलेली बघून पोरं पास व्हणार?"

"तसंच समजा."

"मंग लुगडं तरी चांगलं नेसून येते," कमलबाई म्हणाली. "माझ्यामुळं कुणी नापास नको."

नवमीला चंद्रभान अंधारातच उठला. डाळ रात्री भिजवली होती, ती त्यानं वाटली. वर्षभरात तो भाकरी थापायला शिकला होता, वडे काही जमत नव्हते. कमलबाईची सून आली, तिनं वडे तळले, खीर केली, कढीला फोडणी दिली. गवार, दोडका, कारलं, सगळं झालं. कुसुमचा फोटो पुसून त्यानं ओसरीत पाटावर ठेवला. सगळी तयारी झाली आणि मग पोरगी यायची वाट बघत तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसून राहिला. तिला पोरांसोबतच यायची परवानगी होती.

पोरं आली ती बॅनर घेऊन. बॅनरवर कॉलेजचं नाव, विषयाचं नाव आणि सगळ्यात ठळक हरिओम सरांचं नाव. दोन पोरांनी तो ओसरीच्या खांबांना बांधला. बॅनर खाली लोंबला आणि कुसुमचा अर्धा फोटो झाकला गेला. चंद्रभान उठला, बॅनरचं टोक वर उचलून खांबाला खोचलं आणि परत बसला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

राजेश्री रांगेत उभी होती. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. आपल्या घरात, आपल्या आईच्या दिवशी, गळ्यात नाव अडकवून. बापलेकीची नजरानजर झाली आणि दोघांनीही डोळे काढून घेतले.

सरांनी भाषण केलं. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक रूढीमागं शास्त्र ठेवलं होतं, असं सांगितलं. नेमकं कोणतं ते त्यांना सांगायचं होतं, पण कावळा आणि पर्यावरण यांच्यापुढं गाडी सरकली नाही. मग म्हणाले, "मुलाखत घेऊ या." एक पोरगी पुढं झाली. तिचं नाव भक्ती, राजेश्रीच्या शेजारी झोपायची ती.

"काका, काकूंचं शिक्षण?"

"सातवी."

"व्यवसाय?"

"म्या करतो तेच. वर घरचं."

"त्यांना खायला काय आवडायचं?"

चंद्रभाननं तोंड उघडलं आणि त्याला काही आठवेना. सगळ्यांना काय आवडतं हे कुसुमला माहीत होतं. तिला काय आवडतं हे कुणी विचारलं होतं? सगळी पोरं त्याच्याकडं बघत होती. मग तो म्हणाला, "ऊस. दातानं सोलून खायची. पोरीवानी." भक्तीनं ते लिहिलं नाही. तिनं पेनच बंद केलं.

कमलबाई पाटावर येऊन बसली. समोर पान मांडलं होतं. चंद्रभाननं विस्तवावर घास टाकला, कावळ्याचं पान बाहेर ठेवलं, मग तांब्या आणि परात आणून ठेवली. आता पाय धुवायचे. त्यानं राजेश्रीकडं बघितलं, ती एक पाऊल पुढं आली.

"राजेश्री, रांगेत," सर म्हणाले. त्यांनी मोबाईल वर धरला होता. "आधी फोटो. फोटोवर ठिकाण उमटलं पाहिजे, नाहीतर वरून मान्य होत नाही. तू विद्यार्थी म्हणून दिसायला हवीस. पाय काका धुतील."

"सर, पुरुषानं कुंकू लावायचं नसतं," राजेश्री म्हणाली.

"फोटोपुरतं. थांबा, ठिकाण येत नाहीये."

सर अंगणात गेले. मोबाईल वर करून तुळशीपाशी उभे राहिले. मग न्हाणीपाशी. मग गोठ्याच्या तोंडाशी. म्हशीनं त्यांच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"सर, वडे निवायलेत," कमलबाई पाटावरून म्हणाली.

"एक मिनिट हो ताई."

"भावजी, तुमच्या बायकोला सांगा, एक मिनिट थांब म्हणावं. सराचा मोबाईल शेतात गेलाय."

पोरं तोंड दाबून हसली. चंद्रभान हसला नाही. विस्तवावर टाकलेल्या घासाचा धूर संपत आला होता. कावळा पान शिवून कधीच गेला होता. आणि हा माणूस गोठ्यात उभा राहून गाव शोधायला होता.

राजेश्रीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून भक्तीच्या हातात दिलं आणि ती परातीपाशी बसली. तिनं कमलबाईचे पाय धुतले, पुसले. हळद लावली, कुंकू लावलं. ओटीत खण, नारळ, तांदूळ घातले. मग उठून वाढायला लागली. आधी मीठ, मग कारलं, गवार, वडा, खीर. आई वाढायची त्याच क्रमानं. सरांनी गोठ्यापासून "राजेश्री, राजेश्री" अशी दोनदा हाक मारली. तिनं वर बघितलं नाही. कमलबाईनं हात जोडले आणि पहिला घास घेतला. इतकी तोंडाळ बाई, पण जेवायला लागल्यावर तिनं तोंडातून शब्द काढला नाही.  बॅनरपाशी उभी असलेली पोरं हसायची थांबली. चंद्रभानला वर्षात पहिल्यांदा वाटलं, की कुसुम घरात हाय.

"आलं!" सर ओरडले. "ठिकाण आलं! चला चला, पटकन. ताई, तुम्ही जरा मागं सरका. पाय धुवायचं परत एकदा करू. काका, तांब्या घ्या. राजेश्री, तू रांगेत."

चंद्रभान उठला. "सर, जेवायला बसलेली सवाष्ण उठवत नसतेत."

"दोन मिनिटांचं काम आहे काका."

"मेलेल्या बाईला एकदा बोलावलंय. परत परत उठबस करायला ती काय तुमची विद्यार्थी न्हाई."

कमलबाईनं घास चावता चावता डावा हात वर करून 'बरोबर' असं दाखवलं. पोरं परत हसली.

चंद्रभाननं आवाज खाली आणला. भांडायचं नव्हतं त्याला. "सर, झालं ते झालं. पानं मांडल्यात, पोरं भुकेजलेत. तुमी बी बसा. घरधन्यासंगं तुमचं पान लावतो."

सर दोन पावलं मागं गेले. "नको. मुलं बसू देत. मी नाही."

"कामून?"

"नाही, म्हणजे... आमच्या घरी श्राद्धाचं बाहेर खाल्लेलं चालत नाही. बायकोला आवडत नाही. काहीतरी मागं लागतं म्हणतात."

 एवढा वेळ शास्त्र सांगणारा माणूस कढीवड्याला भ्यायला होता.

"मंजी," चंद्रभान म्हणाला, "परंपरा फोटोत चालती, पोटात चालत न्हाई."

आता मात्र पोरं खदखदून हसली. मागच्या रांगेतला एक जण तर खांबाला धरून हसत होता. चंद्रभानलाही बरं वाटलं. फार बरं वाटलं. तेवढ्यात त्याला सरांचं तोंड दिसलं आणि आपण काय केलं ते कळलं.

सरांनी स्वतः बॅनर सोडला. घडी घालता घालता ते शांतपणे म्हणाले, "राजेश्री, आजच्या उपक्रमात तू सहभागी नव्हतीस. तू यजमानांच्या बाजूनं होतीस. नियमानुसार तुझी आजची हजेरी लागणार नाही."

राजेश्रीच्या हातात कढीचं पातेलं होतं. "बरं सर," ती म्हणाली, आणि पंगतीकडं वळली. "भक्ती, कढी घेतीस?"

सर एकटेच शाळेत परत गेले. पोरं पोटभर जेवली. गल्ल्या मोजणाऱ्या पोरानं खीर तीनदा मागून घेतली.

पुढचं जे झालं ते चंद्रभाननं राजेश्रीला सांगितलं नाही. शिबिर संपल्यावर, एका सोमवारी, त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, टोपी झटकली आणि एसटीनं गंगाखेडला गेला. प्राध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसला. हरिओम सर आत चहा पीत होते, आणि त्याला आत बोलवायला तो चहा काही संपेना. शेवटी आत घेतलं. बाकीचे प्राध्यापक होते, त्यांच्यासमोरच त्याला बोलावं लागलं.

"सर, त्या दिवशी म्या जास्त बोललो. माणूस दुःखात असला की तोंडाला कुलूप राहत न्हाई. चुकलं म्हणा. पोरीवर राग काढू नका."

"राग कसला काका," सर खुर्चीत मागं रेलून म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तुम्ही आलात, बरं वाटलं. समजूतदार आहात. पण नियम तो नियम. पुढच्या वर्षी तिला मी स्वतः सांभाळून घेईन, झालं?"

माफी खिशात घातली आणि माल दिला नाही. बाजारातला दलालही असं करत नाही. चंद्रभान प्राचार्यांकडंही गेला. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की बदलून आलेल्या विद्यार्थ्यांच्या अशा अडचणी येतातच, धोरण नवीन आहे, हळूहळू बसेल. घडी बसेपर्यंत ज्यांची वर्षं जातात त्यांचं काय, हे विचारायला चंद्रभानच्या अंगात जोर उरला नव्हता. एवढं वाकून झाल्यावर ताठ विचारता येत नाही.

निकाल लागला तेव्हा शिबिरातली सगळी पोरं पास झाली होती. देवळामागं पत्ते खेळत बसलेली दोघंही. राजेश्रीपुढं गैरहजर. तिनं ते घरी येऊन एका वाक्यात सांगितलं आणि चूल पेटवायला बसली.  चंद्रभानला वाटलं, हे इथंच मिटलं तर बरं.

चार दिवसांनी ती कॉलेजातून आली ती दप्तर टाकून सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"आबा, तुमी कॉलेजात गेला होतात?"

त्यानं बैलाच्या दोरीची गाठ सोडायला घेतली. ती आधीच सुटलेली होती.

"भक्ती सांगायली. सगळ्या सरांसमोर माफी मागितली म्हणं."

"मागितली."

"कशाची?"

त्यानं दोरी हाताला गुंडाळली. मग म्हणाला, "तुह्या वर्षाची."

"वर्ष माझं होतं. ओळखपत्र म्या काढलं. 'बरं सर' म्या म्हणले. तुमाला कुणी धाडलं तिथं?"

"बापाला जावं लागतंय, राजी."

"जावं लागत न्हाई." तिनं त्याच्या हातातली दोरी ओढून घेतली. "तुमी तिथं टोपी काढून उभं राहिलात, आता तो माणूस सगळ्यांना सांगायलाय, राजेश्रीचे वडील लय समजूतदार हायेत. समजूतदार! पुढच्या वर्षी मला त्याच्याच वर्गात बसायचंय. एवढं एकच काम आपल्या घरातून नीट झालं होतं, त्याची बी माफी मागून आलात तुमी."

 पोरगी बोलत होती ते खरं होतं, आणि ती कुसुमसारखी बोलत होती, हे त्याहून वाईट होतं. कुसुमही अशीच, चूक दाखवायची ती बोट ठेवून.

ती आत गेली. पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तो उठून चुलीपाशी जाऊन बसला. तिनं त्याच्याकडं न बघता परातीत पाणी ओतलं.

"मंग," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी करतीस ना?"

"करते की. दुसरा रस्ता हाय का? ज्या गावात नेतील त्या गावात राहीन. फक्त तुमी तिथं यायचं न्हाई."

"न्हाई येत."

भाकरी तव्यावर पडली. तिनं तिच्यावर पाणी फिरवलं. चंद्रभानच्या मनात एक गोष्ट मघापासून होती, ती त्याला बोलायची नव्हती आणि बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"ते शिबिर बी पावसाळ्यातच असतंय. नवमी परत त्यातच आली तर?"

राजेश्रीनं भाकरी उलटली. "तर त्याच्या पुढच्या वर्षी करीन."

"असंच व्हत गेलं तर म्हातारी व्हऊन पदवी घेतीस."

"घेईन. तुमाला कशाची घाई हाय? ताट घ्या."